गच्चीवरची नीलगिरी

प्रथम एक गणित घालतो. एका युद्धनौकेची लांबी ११३ मीटर आणि वजन सुमारे ३००० टन आहे. तिची ९६ पटींनी लहान अशी हुबेहूब प्रतिकृती करावयाची आहे. तर त्या प्रतिकृतीचे वजन किती भरेल?

माझी सातवीतली मुलगी क्षणात म्हणाली, "एकतीस टन! बाबा, मग आपली गच्ची खाली येईल की!" तिने ३००० ला ९६ ने भागले होते. तुम्हीही तसेच केले असेल, तर थोडे थांबा. नौका केवळ लांबीतच ९६ पटींनी लहान होत नाही. ती रुंदीतही होते आणि उंचीतही होते. म्हणजे भागायचे ते ९६ × ९६ × ९६ ने, अर्थात ८,८४,७३६ ने. तीस लाख किलोग्रॅमला या संख्येने भागा. उत्तर येते जेमतेम ३.३९ किलोग्रॅम! सव्वा मीटरहून थोडी आखूड, साडेतेरा सेंटिमीटर रुंद आणि बाजारच्या पिशवीएवढ्या वजनाची नौका. गच्चीला काही धोका नव्हता.

ही नौका म्हणजे आय.एन.एस. नीलगिरी. मुंबईच्या माझगाव गोदीत १९६६ साली तिचा कणा घातला गेला, २३ ऑक्टोबर १९६८ रोजी तिचे जलावतरण झाले आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात दाखल झाली. भारतात बांधली गेलेली ही पहिली मोठी लढाऊ नौका. आराखडा ब्रिटिश 'लिअँडर' वर्गाचा, पण हात येथले. त्या हातांमध्ये दोन हात माझ्या वडिलांचे होते. ते तेव्हा गोदीत शिकाऊ वेल्डर होते. आज ऐंशीच्या घरात आहेत आणि आमच्याबरोबर बोरिवलीच्या गोराई वसाहतीत राहतात. नीलगिरी १९९६ साली निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी क्षेपणास्त्राच्या चाचणीत लक्ष्य म्हणून तिचा वापर झाला आणि ती समुद्रतळाशी गेली. ती बातमी बाबांनी वाचली तेव्हा ते काही बोलले नव्हते. त्यांनी वर्तमानपत्राची नुसती घडी घातली होती, एवढे मला आठवते.

म्हणून लिअँडर वर्गाच्या प्रतिकृतीचे किट मिळते असे कळले, तेव्हा ते मागवण्यावाचून मला राहवले नाही. पेटीतून फायबरग्लासचा एकसंध सांगाडा, पातळ प्लॅस्टिकचे पत्रे, पितळी दांडे, दोन छोटे पंखे आणि एक भला मोठा नकाशा निघाला. बाबांनी सांगाडा हातात घेतला, डोळा बारीक करून त्याच्या कडेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "फारच सरळ आहे रे. आमचा पत्रा असा कुठे राहायचा!" वेल्डिंग करताना धातू तापून प्रसरण पावतो व निवताना आकसतो. त्यामुळे पत्रा ओढला जातो आणि खऱ्या नौकेच्या अंगावर बारीक खळगे दिसतात. उपाशी घोड्याच्या बरगड्या दिसाव्यात तसे.

जोडकामाचे वर्णन लांबवत नाही. काचकागद, एपॉक्सी आणि धीर, एवढेच त्याचे भांडवल. पण एक जागा अशी आहे की जिथे पुष्कळांच्या नौका बुडतात. पंखा नौकेच्या बाहेर, पाण्यात असतो आणि त्याला फिरवणारी मोटार आत, कोरड्यात. म्हणजे फिरता दांडा सांगाड्याला भोक पाडूनच बाहेर काढावा लागतो. मग त्या भोकातून पाणी आत का येत नाही? दांडा एका लांब नळीतून जातो आणि त्या नळीत ग्रीस ठासून भरलेले असते. ग्रीस दांड्याला फिरू देते, पण पाण्याला वाट देत नाही. दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. दोन्ही एकाच दिशेने फिरवले, तर नौका एका कुशीवर रेलण्याची व वाट सोडून वळण्याची खोड धरते.

आता रेडिओकडे वळू. विनातार संदेशाने नौका चालवण्याची कल्पना फार जुनी आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला याने एका हौदात छोटी नौका सोडली आणि दूर उभे राहून ती चालवून दाखवली. काही प्रेक्षकांना वाटले, आत एखादे शिकवलेले माकड बसवले असावे! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेस्लाला या शोधाचे पेटंट मिळाले.

आपल्या हातातला प्रेषक सेकंदाला सुमारे पन्नास वेळा सुकाणूसाठी एक स्पंद पाठवतो. स्पंदाचा अवकाश दीड मिलिसेकंद असला की सुकाणू मधोमध राहते. तो एक मिलिसेकंद झाला की सुकाणू एका टोकाला जाते, दोन झाला की दुसऱ्या. एवढीच ही भाषा! पूर्वी अशा खेळण्यांना बहुधा २७ मेगाहर्ट्झची वारंवारता असे. तिची तरंगलांबी ११ मीटर, म्हणून लांबलचक अँटेना लागे. शिवाय दोन मुलांनी एकच वारंवारता घेतली, तर एकाच्या हुकमाने दुसऱ्याची नौका वळे. आता २.४ गिगाहर्ट्झ वापरतात. ठरावीक शक्तीच्या आत तिला परवाना लागत नाही. तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे तीन सेंटिमीटरची तार अँटेना म्हणून पुरते. मात्र या लहरी पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, लगेच शोषल्या जातात. म्हणून आमचा ग्राहक पाणरेषेच्या बराच वर, हेलिकॉप्टरच्या हँगरमध्ये बसवला आहे.

मे महिन्यात गच्चीवर विटा रचून व त्यावर ताडपत्री अंथरून आम्ही हौद केला. नौका पाण्यात ठेवली. ती तरंगली! मुलीने टाळ्या पिटल्या. बाबांनी मात्र बोटाने नौका किंचित कलती केली, सोडली आणि घड्याळ बघत मोजू लागले. दहा हेलकाव्यांना सोळा सेकंद लागले.

"आळशी आहे," ते म्हणाले. "ही नौका अशी खाडीत न्यायची नाही."

आळशी म्हणजे काय? नौका कलली की तिच्या पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर रेटणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो. हा जोर तिला पुन्हा उभी करतो. त्या जोराची उभी रेषा नौकेच्या मधल्या रेषेला जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेपर्यंत नौका सरळ होते. तो बिंदूच्या वर गेला की ती उलटते. दोघांमधले अंतर जितके कमी, तितकी नौका सावकाश डुलते. बसलेल्याला हे डुलणे सुखाचे वाटते. पण ती धोक्याची खूण आहे.

हे अंतर मोजता येते, आणि गोदीत प्रत्येक नव्या नौकेवर ते मोजतातच. नौकेवर ओळंबा टांगायचा, एक ठाऊक वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवायचे आणि ओळंबा किती सरकला ते पाहायचे. आम्हीही तेच केले. ५० ग्रॅमचे वजन डेकवर १० सेंटिमीटर आडवे सरकवले. २० सेंटिमीटर दोऱ्याचा ओळंबा ६ सेंटिमीटर हलला, म्हणजे उताराचे गुणोत्तर ०.३. आता ५० गुणिले १० या ५०० ला नौकेच्या ३३०० ग्रॅम वजनाने व ०.३ ने भागा. उत्तर येते अर्धा सेंटिमीटर. (नौका १७ अंश कलली होती आणि एवढ्या कोनाला हे सूत्र थोडे ढिले पडते, पण अंदाजाला पुरे.) बाबांचे बोट आणि माझे सूत्र यांचे एकमत झाले. खरे सांगायचे तर त्यांचे बोट आधी पोचले होते.

दोष माझाच होता. तारा जोडायला सोपे जावे म्हणून सव्वा किलोची बॅटरी मी एका फळीवर उंच बसवली होती. फळी काढून बॅटरी १.६ सेंटिमीटर खाली, थेट तळाला टेकवली. पुन्हा ओळंबा. या वेळी तो फक्त २.८ सेंटिमीटर हलला आणि अंतर जवळजवळ १.१ सेंटिमीटर झाले. दहा हेलकावे अकरा सेकंदांत. बाबांनी मान हलवली.

आता वेग किती ठेवायचा? खरी नीलगिरी ताशी २८ सागरी मैल, म्हणजे सेकंदाला १४.४ मीटर जाई. याला ९६ ने भागले तर प्रतिकृती सेकंदाला १५ सेंटिमीटर सरकेल, आणि ती युद्धनौका न वाटता बदक वाटेल! विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे लांब हौद बांधला, त्यात मेणाच्या नौका ओढल्या आणि या कोड्याचा उलगडा केला. नाळेशी उठणाऱ्या लाटांचा आकार प्रतिकृतीतही मूळ नौकेसारखाच दिसायला हवा असेल, तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावा लागतो. ९६ चे वर्गमूळ ९.८. म्हणून आमच्या नौकेचा योग्य वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका.

घरात एक वाद मात्र झाला. आई म्हणाली, एवढी मेहनत केली आहे तर काचेच्या पेटीत ठेवा. खाडीत बुडाली म्हणजे? बाबा तिला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "पेटीतच ठेवायची होती तर मोटार कशाला बसवलीस?"

दिवस निवडला अष्टमीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा कोकणातला जुना हिशोब तुम्हाला ठाऊक असेल. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण, आणि अष्टमीला भांग असल्यामुळे प्रवाहही मंद. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी लागली असती, तर दीड मीटरच्या वेगाला कोण विचारतो! खाडीचे पाणी गच्चीवरच्या पाण्याहून जड, म्हणून पाणरेषा जुळवायला शिशाच्या ८० ग्रॅम गोळ्या आणखी टाकल्या.

सव्वासहाला गोराईच्या धक्क्याशेजारी नीलगिरी पाण्यात उतरली. बाबांनी तिच्यावर एफ ३३ हा आकडा स्वतःच्या हाताने रंगवला होता. हात कापतो, म्हणून त्याला दोन दिवस लागले. मुलीने कळ पुढे रेटली आणि नाळेशी दोन बाजूंना पांढऱ्या मिशा उमटल्या, फ्रूडने सांगितल्या तशा. तिवरांच्या कडेने नौका पन्नासएक मीटर गेली व छान वळली.

तेवढ्यात पलीकडून सकाळची फेरीबोट आली. तिची लाट आडवी आमच्या नौकेवर आदळली. नौका इतकी कलली की डेकची कड पाण्यात गेली. मुलीने डोळे मिटून घेतले. माझ्या डोळ्यांपुढे नीलगिरीचीच धाकटी बहीण, विंध्यगिरी, उभी राहिली. ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदरात एका व्यापारी जहाजाची तिला धडक बसली, आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती गोदीच्या धक्क्यालाच बुडाली. पण आमची नौका एका सेकंदात उलट बाजूला आली, दोन-तीन हेलकावे खाल्ले आणि सरळ झाली. फळीवर बॅटरी असती, तर हे वाक्य मला लिहिता आले नसते.

आणि मग ती थांबली. मोटार कण्हत होती, सुकाणू हलत होते, रेडिओ ठीक होता, तरी नौका जागची हलेना. ओहोटी लागली होती. नीलगिरी हळूहळू, शेपटीच्या बाजूने, समुद्राकडे निघाली. आम्ही धक्क्यावर तिघे आणि हातात एक निरुपयोगी प्रेषक.

नांगरलेल्या होड्यांमधून एक कोळी मामा आमची धांदल पाहत होते. त्यांनी न सांगता होडी वल्हवली, नौका अलगद उचलली आणि धक्क्याशी आणून दिली. दोन्ही पंख्यांना दुधाच्या पिशवीचे प्लॅस्टिक करकचून गुंडाळले गेले होते.

"कुठली बोट ही?" मामांनी विचारले.

"नीलगिरी," मुलगी म्हणाली.

"नवी का जुनी?" त्यांनी लगेच विचारले. त्याच नावाची नवी, १४९ मीटरची युद्धनौका माझगावलाच बांधली गेली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली, हे त्यांना ठाऊक होते.

"जुनी. पहिली," बाबा म्हणाले. ते धक्क्याच्या पायरीवर बसले होते. नौका मांडीवर उताणी धरून ते ब्लेडने प्लॅस्टिक कापत होते आणि मला सांगत होते, "नळीत पाणी शिरलं का ते आधी बघ. ग्रीस पुन्हा भरावं लागेल."