गाल सुजला म्हणजे गालगुंडच का?

मुलाचा गाल सुजला, की घरातील वडील मंडळी ‘गालगुंड’ असे निदान करून मोकळी होतात. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु नेहमीच नव्हे. कारण बदलले की उपचारही बदलतो, म्हणून थोडी माहिती असणे अगत्याचे आहे.

लाळ निर्माण करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानांच्या पुढे, खालच्या जबड्याखाली आणि जिभेखाली. गालगुंडात बहुधा कानापुढील ग्रंथी सुजते, कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते, ताप येतो व घास चावताना कळ येते. अनेकदा काही दिवसांत दुसरा गालही सुजतो. हा रोग विषाणुजन्य असून खोकला, शिंक व उष्टे यांतून पसरतो. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास बहुधा १६ ते १८ दिवस लागतात. सूज आल्यापासून ५ दिवस मुलास शाळेत पाठवू नये. या विषाणूवर खास औषध नाही. विश्रांती, पेज, वरणभात, भरपूर पाणी आणि वैद्यकीय सल्ल्याने पॅरासिटामॉल पुरेसे होते. मुलांना ॲस्पिरिन मात्र देऊ नये. लेपाने बरे वाटले, तरी विषाणू मरत नाही.

प्रौढांत जेवायला बसताच जबड्याखाली सूज यावी व नंतर ती ओसरावी, असे वारंवार घडल्यास लाळेच्या नलिकेत खडा अडकल्याचा संशय घ्यावा. गालगुंडात आंबट पदार्थांनी वेदना वाढतात, म्हणून ते वर्ज्य. येथे मात्र लिंबाची फोड चोखल्याने लाळ सुटून लहान खडा बाहेर पडण्यास मदत होते. कोमट शेक व हलके मर्दनही उपयोगी पडते. तोंडात पू येऊ लागला किंवा सुजेवरील त्वचा लाल झाली, तर जंतुसंसर्ग समजून डॉक्टरांकडे जावे.

तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, सतत उलट्या, ऐकू कमी येणे किंवा वृषणाला सूज येणे, ही गालगुंडातील धोक्याची चिन्हे होत. न दुखणारी, पण न ओसरणारी गाठही तपासून घ्यावी.

डॉ. मॉरिस हिलमन यांनी १९६३ साली आपल्याच आजारी मुलीच्या घशातून विषाणू घेतला व त्यापासून बनवलेली लस १९६७ साली अमेरिकेत मान्य झाली. भारतात २०१७ पासून दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेला लसीत गालगुंडाचा अंश नसतो; तो एमएमआर लसीत असतो. आपल्या मुलास कोणती लस मिळाली आहे, हे आईवडिलांनी लसीकरणाचे कार्ड काढून आजच पाहावे.