संगणकाचे भाग निवडताना : खर्च कोठे करावा?

मागच्या जून महिन्यात ओळखीच्या एका मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शाळा तालुक्याच्या गावची. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून संगणकासाठी काही रक्कम दिली होती आणि बाईंच्या टेबलावर दोन दरपत्रके होती. एका दुकानदाराने तेवढ्या पैशात अतिवेगवान प्रोसेसरचे दोन संगणक देऊ केले होते. दुसरा म्हणत होता, जुनी आठही यंत्रे भंगारात काढा आणि साधे तीन नवे घ्या.

"सर, दाखल्यांच्या दिवसांत आमच्या लिपिकांचा संगणक सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. बाहेर पालकांची रांग असते. हा पैसा पुन्हा मिळायचा नाही, तेव्हा चुकायला नको," बाई म्हणाल्या.

मी त्यांना म्हटले, "दोन दिवस काहीच विकत घेऊ नका. यंत्र नेमके कशासाठी खोळंबते ते आधी पाहू या."

हा सल्ला अनुभवाचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत मोजमापांच्या मोठ्या फायली हाताळायला मी हट्टाने महागडा प्रोसेसर घ्यायला लावला. यंत्र जवळजवळ पूर्वीइतकेच मंद राहिले. अपुरी होती ती स्मृती, म्हणजे रॅम. मोजणे हा माझा व्यवसाय, पण खरेदीपूर्वी मी मोजले नव्हते.

टेबल आणि कपाट

शाळेच्या कार्यालयाचेच उदाहरण घेऊ. प्रोसेसर म्हणजे लिपिक. रॅम म्हणजे त्याच्यासमोरचे टेबल. हातातले काम येथे पसरलेले असते. हार्ड डिस्क म्हणजे दप्तराचे कपाट. वीज गेली की टेबल रिकामे होते, कपाटातले मात्र टिकते. टेबल लहान असेल तर लिपिकाला एक कागद ठेवून दुसरा आणायला सारखे कपाटाकडे जावे लागते. संगणकही रॅम भरली की तेच करतो. तिच्यातला काही मजकूर तात्पुरता डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो.

या फेऱ्या किती महाग पडतात? ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो. आपण कल्पना करू की त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. रॅममधून माहिती यायला प्रत्यक्षात सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. आपल्या मापाने ती ५ मिनिटे झाली. एसएसडी या चकती नसलेल्या साठवणुकीतून माहिती यायला साधारण एक दशांश मिलिसेकंद, म्हणजे आपल्या मापाने साडेतीन दिवस. आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून? प्रत्यक्षात सुमारे १२ मिलिसेकंद; आपल्या मापाने ४१६ दिवस. लिपिक कितीही चपळ असला तरी एका कागदासाठी त्याला वर्षाहून अधिक थांबावे लागत असेल, तर त्याची चपळाई काय कामाची?

हे १२ मिलिसेकंद कोठून आले, तेही आठवी-नववीच्या गणिताने काढता येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकती सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचक-टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक, थांबावे लागते. त्यापूर्वी तो दांडा योग्य वर्तुळावर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद जातात. म्हणून विखुरलेली माहिती वाचताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ८० वेळा वाचू शकते. संगणक सुरू होताना हजारो लहान फायली वाचतो. बाईंच्या दहा मिनिटांचे रहस्य बहुधा येथेच होते.

७२०० फेऱ्यांची डिस्क सीगेट कंपनीने १९९२ साली बाजारात आणली. तिच्यात सुमारे २ गिगाबाइट माहिती मावत असे. आज एका डिस्कवर त्याच्या दहा हजारपट मावते, पण टेबलावरच्या संगणकातली चकती अजूनही ७२०० किंवा त्याहून कमीच फेरे घेते. धातूचा दांडा आणि फिरणारी चकती यांना जडत्व आहे, ते कोणाला चुकलेले नाही. एसएसडीमध्ये हलणारा भागच नाही. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपाने माहिती साठते, म्हणून हा विलंब शंभर पटींनी कमी होतो.

अ‍ॅमडाल यांचे गणित

संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. कामाचा जो भाग तुम्ही वेगवान करता, त्याचा एकूण वेळेतला वाटा जेवढा असेल तेवढाच फायदा होतो. समजा, निकालपत्रक उघडायला १०० सेकंद लागतात. त्यांपैकी ८० सेकंद डिस्कची वाट पाहण्यात, १२ प्रोसेसरच्या गणितात आणि ८ इतर गोष्टींत जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर १२ चे ६ होतील आणि एकूण वेळ ९४ सेकंद. डिस्कची वाट २० पटींनी कमी केली तर ८० चे ४ होतील आणि एकूण वेळ २४ सेकंद. हे उदाहरण वर्गात जरूर द्या. प्रोसेसरचा वेग अनंत मानला तरी ८८ सेकंद लागतीलच, हे मुलांना स्वतः काढू द्या.

प्रत्यक्ष तपासणी

विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्यावरचा भार दिसतो. रोजचे काम चालू ठेवून हे आकडे दर मिनिटाला वहीत टिपावेत.

बाईंच्या शाळेत हे काम नववीच्या चार मुलींनी केले. ४ गिगाबाइटची रॅम जवळजवळ भरलेली, डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर बहुतेक वेळ निवांत. दोन्ही दरपत्रकांनी ज्या भागावर भर दिला होता, तोच भाग बिचारा मोकळा बसला होता!

प्रत्येक भाग निवडताना

रॅम : लेखन, तक्ते आणि संकेतस्थळांवर माहिती भरणे यांसाठी आज ८ गिगाबाइट ही किमान गरज समजावी, १६ असेल तर पुढची काही वर्षे चिंता नाही. शक्य तेथे एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे माहितीला दोन वाटा मिळतात. डीडीआर ३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या जागी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी काढून बरोबरच दुकानात न्यावी.

साठवणूक : कार्यालयाला सुमारे २५० गिगाबाइटची एसएसडी सहसा पुरते. जुन्या मदरबोर्डाला 'साटा' जोडणीची घ्यावी. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी मोठ्या फायलींची नक्कल करताना कितीतरी वेगवान असते, पण दाखला छापताना तो फरक फारसा जाणवत नाही. काढलेली हार्ड डिस्क चांगली असेल तर फेकू नये. दर आठवड्याला दप्तराची दुसरी प्रत ठेवायला ती उत्तम. एसएसडी बिघडते तेव्हा अनेकदा पूर्वसूचना देत नाही, हेही लक्षात असावे.

प्रोसेसर : घड्याळाचा वेग वाढवत नेण्याची शर्यत उष्णतेपुढे थकली. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत २००४ साली रद्द केला. त्यानंतर भर आला तो एकाच चिपवर अनेक गाभे बसवण्यावर. कार्यालयीन कामाला अलीकडच्या पिढीतला साधा प्रोसेसर पुरेसा असतो. चित्रफितींचे संपादन करायचे असेल तरच पुढचा विचार करावा. एक मात्र सांभाळा : इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही तर पडदा कोराच राहतो. स्वस्त दरपत्रकात हे अक्षर अवश्य शोधावे.

न दिसणारे भाग

दरपत्रकात सर्वांत कमी लक्ष जाते ते एसएमपीएसकडे. घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह कमी दाबाच्या एकदिश प्रवाहात बदलून सर्व भागांना पुरवणारा हा डबा. साधा कार्यालयीन संगणक बहुतेक वेळा १०० वॅटही घेत नाही, तेव्हा ३०० ते ४०० वॅटचा डबा पुरतो. मात्र तो नावाजलेला असावा. '८० प्लस' ही खूण २००४ पासून वापरात आहे. अशा डब्यात आत घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के उपयोगी पडते आणि उष्णता कमी होते.

संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक शाळांत ऐकू येते. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान धारित्रे असतात. एक फेज आणि कॅबिनेट यांच्यामध्ये, दुसरे न्यूट्रल आणि कॅबिनेट यांच्यामध्ये. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट या दोहोंच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. प्रवाह अगदी अल्प असला तरी अर्थिंग नसल्याची ती खूण आहे. खराब एसएमपीएसमध्ये फेज थेट कॅबिनेटला टेकली तर अर्थिंगच आपला जीव वाचवते. म्हणून वर्गणीतला पहिला खर्च मी इलेक्ट्रिशियनला बोलावण्यावर करायला सांगितला.

यूपीएसवरचा '६०० व्हीए' हा आकडा वॅटचा नव्हे. असा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, तेही काही मिनिटेच. काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती ती वेळ असते. त्याला लेझर प्रिंटर जोडू नये.

मदरबोर्डावरची ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरीही विसरू नका. ती संपली की तारीख मागे जाते. ब्राउझर संगणकाची तारीख पाहूनच सुरक्षित संकेतस्थळांचे प्रमाणपत्र वैध ठरवत असल्यामुळे ती उघडेनाशी होतात. 'इंटरनेट बिघडले' म्हणून परत पाठवलेले एखादे यंत्र प्रत्यक्षात या छोट्या बॅटरीवाचून अडलेले असू शकते.

जुने ठेवावे की नवे घ्यावे?

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच चालतात. वेग वाढवला म्हणून जुने यंत्र सुरक्षित होत नाही. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा आणि आधार क्रमांक ज्या यंत्रावर असतात, ते नवे असणेच इष्ट. मुलांच्या सरावाच्या यंत्रांवर मात्र लिनक्स घालता येते. ते विनामूल्य आहे आणि केरळातील सरकारी शाळांनी ते अनेक वर्षे वापरले आहे.

बाईंनी तसेच केले. कार्यालयासाठी एकच मध्यम प्रतीचा नवा संगणक घेतला. आठ जुन्या यंत्रांपैकी सहांना एसएसडी, जादा रॅम आणि लिनक्स दिले. दोन यंत्रांचे मदरबोर्ड खराब निघाले. ती मुलांना आतले भाग ओळखायला उघडी करून ठेवली आहेत. उरलेल्या पैशात अर्थिंग आणि दोन यूपीएस झाले.

नंतर भेटल्या तेव्हा बाईंनी ती नोंदवही दाखवली. मुलींनी बदलानंतरचेही आकडे टिपले होते. प्रयोगशाळेतले यंत्र दीड मिनिटाच्या आत कामाला तयार होत होते. त्याच पानावर एका मुलीने प्रश्न लिहिला होता : "आता सर्वांत हळू भाग कोणता?" हा प्रश्न कधी संपत नाही. पुढचे दरपत्रक मागवण्यापूर्वी आपणही तो विचारावा आणि उत्तर मोजून काढावे.