आग आवरण्याचा दिवस

मे महिना आला की पेडण्यात पावसाळ्याची बेगमी सुरू होते. गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, आमसुलं, मिठातल्या कैऱ्या, मिरची, आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी चोरीस. मीठ, मिरची, आलं-लसूण आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर लावून मुरवलेलं डुकराचं मांस आतड्यात भरायचं, दोऱ्याने गाठी मारून माळा करायच्या. पोर्तुगिजांनी आणलेला हा पदार्थ इथल्या व्हिनेगरने आणि मिरचीने पुरता गोव्याचा करून टाकला. कोणी तो नुसता उन्हात सुकवतात, कोणी धुरीही देतात. आमच्या शेजारची आंटी धुरी देते. मांस-मसाला तिचा, आग माझी.

आमच्या घरी काजूची भट्टी होती. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या डोंगरांत काजूच्या हंगामात अशा भट्ट्या लागतात. फेणी गाळायच्या भाणाखाली जाळ भडकला की आतला रस उसळून नळीत येतो आणि फेणी बिघडते. जाळ मंद आणि एकसारखा ठेवायचा हे मी तिथे शिकलो. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या चवीतला मोठा वाटा भाणाखालच्या जाळावर नजर ठेवणाऱ्याचा असतो. धुरीचं काम त्याच शिस्तीचं. आग कोणीही पेटवतो. तिला दिवसभर मुठीत ठेवणं हे खरं काम.

पहाटे ४.३०
आधी वारा बघायचा. या वेळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. चूल अंगणाच्या टोकाला, चिऱ्यांची. पुढे पत्र्याचं दार, मागून दोनेक मीटर लांब चर. चरावर पत्रे टाकून मातीने लिंपलेलं. चराच्या दुसऱ्या टोकाला धुरीची खोली, छपराजवळ झडप. चरातून जाताना धूर निवतो, म्हणून मांसाला धूर मिळतो आणि धग लागत नाही.

कालपासून टांगलेल्या माळांवरून हात फिरवतो. आवरण कोरडं लागलं पाहिजे. ओलसर असेल तर धूर त्यावर चिकटून कडू थर बसतो. तशी माळ आज बाजूला.

४.५०
शेगडीत तळाला सुक्या चुडताचे तुकडे, त्यावर काटक्या, वर लोणारी कोळसा ढिगासारखा रचतो. खालून वारा खेळला पाहिजे. रॉकेल कधीच नाही, त्याचा वास मांसात उतरतो. प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूडही नाही. काजूच्या बियांची टरफलं तर चुलीच्या आसपासही नकोत. त्यांतल्या तेलाने कातडीवर फोड येतात आणि धूर घशाला झोंबतो.

वीस-पंचवीस मिनिटांनी कोळशावर पांढरी राख चढते. तोवर हात लावायचा नाही. मग दोन ओंजळी निखारे खोऱ्याने चुलीत सरकवतो आणि वर पाणी शिंपडलेली नारळाची सोडणं ठेवतो. पेटलेला कोळसा फारसा धूर देत नाही, तो फक्त धग धरतो. धूर सोडणांचा. सोडण जळता कामा नये, धुमसलं पाहिजे.

६.३०
आता डोळे झडपेवर. धूर पातळ, किंचित निळसर दिसला की सगळं ठीक. पांढरा आणि दाट येऊ लागला म्हणजे विस्तवाला हवा कमी पडतेय, अर्धवट जळलेल्या सोडणांची काजळी माळांवर बसतेय. आंटीला तो वासावरूनच कळतो. स्वयंपाकघरातून हाक येते, "पुता, धूर कडू जाता मरे!" मी दार बोटभर उघडतो, एक सोडण काढून टाकतो. पाच मिनिटांत धूर निवळतो.

पुतण्या नव्याने शिकतोय. निखारे विझत आले की तो वरून कच्चा कोळसा टाकायला जातो.
"काका, असाच टाकला तर काय होतं?"
"धग बसते आणि धूर घाण होतो. आधी शेगडीत लाल कर, मग चुलीत घाल."
म्हणून शेगडी बाजूला सतत तयार असते. दर पाऊण तासाला थोडे थोडे निखारे. एकदम ढीग घातला की धग चढते आणि मग तिला उतरवता येत नाही.

९.००
खोलीत टांगलेला तापमापक ३० अंशांवर आला की सकाळची पाळी संपली. थंड धुरीचा नियम जगभर साधारण तोच आहे. थंड मुलखांत हे काम हिवाळ्यात करतात. इथे मे महिन्यात दुपारी अंगणातच पारा ३३ अंशांवर जातो. त्यात चुलीची धगही चढली तर चरबी पाझरते, माळ खाली टिपकू लागते. मग ती माळ टिकाऊ राहत नाही.

माळा दांड्यावर, उन्हात, जाळीखाली. माश्या बसू द्यायच्या नाहीत. निखारे चुलीतच राखेखाली पुरतो. ते घरात न्यायचे नाहीत. कोळशाचा वायू बंद खोलीत जीव घेतो आणि त्याला वासही नसतो.

दुपारी १२.३०
समुद्राकडून खारा वारा सुटलेला असतो. तो चुलीच्या तोंडात शिरला की राखेखालचा विस्तव आपोआप फुलतो, म्हणून दाराला चिरा लावतो. आजूबाजूचं गवत वाळून कडकडीत झालेलं. पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असतात. मग कोळसा चाळायचा, भुकटी वेगळी, सारख्या आकाराचे तुकडे वेगळे. भुकटीने हवा अडते. संध्याकाळची सोडणं शिंपडून ठेवायची.

सायंकाळी ६.३०
ऊन उतरलं की माळा परत आत. राख बाजूला केली की खालचे निखारे अजून लाल असतात. फुंकणीच्या चार फुंकरा, शेगडीत लाल केलेला मूठभर कोळसा, आणि दुसरी पाळी सुरू. वारा पडलेला असतो, म्हणून छपराची झडप थोडी अधिक उघडायची.

रात्री १०.००
आंटी प्रत्येक माळ दाबून बघते. मिरची ती हरमलचीच घेते, त्या लालीवर धुराचा तपकिरी हात चढलेला दिसतो. घट्ट झालेल्या वेगळ्या, मऊ उद्यासाठी. तयार माळा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जातील. घेणाऱ्याला ती न चुकता सांगते, धुरी दिली तरी हे मांस कच्चंच, नीट शिजवूनच खा.

पुतण्याला आज मी झडप सांभाळायला दिली होती. दोनदा धूर दाटला, दोन्ही वेळा आंटीची हाक येण्याआधी त्याने ओळखला आणि दार उघडलं. कोळसा विकत मिळतो, चिऱ्यांची चूल दोन दिवसांत बांधून होते. धुराचा रंग ओळखणारी नजर मात्र अशीच, एकेक पाळी बसून तयार होते. उद्या सकाळची पाळी त्याची.