आईच्या नावाचा मनोरा

खडवलीहून कसारा मार्गाच्या लोकलने व्यापारानिमित्त मुंबईस जाणाऱ्या अनेकांनी फोर्टमधील राजाबाई मनोरा खालून पाहिलेला असतो. त्याच्या माथ्यावरून मुंबई पाहिलेला माणूस मात्र विरळाच, कारण तो माथा सर्वसामान्यांस बंद आहे. वरून उड्या टाकून जीव देण्याचे प्रकार घडल्याने ही बंदी आली.

मनोऱ्याचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. इंग्लंडमधील अनेक कॅथेड्रलांचा जीर्णोद्धार करणाऱ्या या वास्तुकाराने मुंबईत कधी पाऊल ठेवले नाही. तरी २८० फूट उंचीचा, कुर्ल्याच्या दगडातील हा घड्याळाचा मनोरा एखाद्या कॅथेड्रलच्या शिखरासारखा दिसतो. त्यांच्याच हातचा हॅम्बुर्गमधील सेंट निकोलस चर्चचा मनोरा १८७४ मध्ये जगातील सर्वांत उंच वास्तू ठरला होता. दुसऱ्या महायुद्धात चर्च उद्ध्वस्त झाले, मनोरा उरला. आणि २००५ पासून तेथे लिफ्टने ७६ मीटर उंचीवर जाऊन लोक शहर न्याहाळतात.

मुंबईच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले शेठ प्रेमचंद रायचंद यांनी, १८६४ मध्ये. अट एकच, आईचे नाव द्यावे. राजाबाई अंध होत्या. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नेम कोणाच्या मदतीविना पाळता यावा, म्हणून घंटेची योजना झाली, असे सांगितले जाते. ग्रंथालयासाठी शेठजींनी आणखी दोन लाख दिले होते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि शेअर बाजारात हाहाकार उडाला. बॅक बे भरावाच्या कंपनीचे शेअर कागदाच्या मोलाचे झाले. शेअर्सच्या तारणावर सढळ हाताने कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे बुडाली. फुगलेल्या भावाला तारण मानण्याची ही चूक बँकांनी पुढेही अनेकदा केली आहे. शेठजींचे वैभव गेले. विद्यापीठाला दिलेले दान तेवढे बुडाले नाही. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये मनोरा उभा राहिला.

माथ्यावरून पश्चिमेस दिसावे ते ओव्हल मैदान आणि त्यापलीकडे चर्चगेट, मरीन ड्राइव्ह. मनोरा पूर्ण झाला तेव्हा तिकडे समुद्र बराच जवळ होता. ज्या भरावाच्या स्वप्नात १८६५ ची मुंबई बुडाली, तो भराव विसाव्या शतकात पडला आणि त्यावर आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. मनोऱ्याकडची गॉथिक रांग आणि त्या इमारती २०१८ मध्ये एकत्रच जागतिक वारसा ठरल्या. हा सारा हिशेब एका नजरेत दिसेल अशी दुसरी जागा शहरात सापडणे कठीण. मजबूत जाळी, सोबत जाणकार आणि एका वेळी दहा-बारा माणसे, एवढ्या व्यवस्थेत विद्यापीठाला माथा खुला करता येण्यासारखा आहे. घंटा तर आजही दर पंधरा मिनिटांनी वाजते.