'अंगावरून वारं गेलं' म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या वेळी आपण हार्ट अटॅकबद्दल बोललो. आज मेंदूकडे वळू या. आपल्याकडे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं'. कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू. दवाखान्याच्या कागदावर स्ट्रोक लिहिलेलं असतं. शब्द म्हणून 'वारं' मला आवडतो, पण तो आपल्याला चुकीच्या जागी नेतो. वारं अंगावरून गेलं म्हटलं की आपण तेल गरम करतो, हातपाय चोळायला बसतो. हातापायाला काहीही झालेलं नसतं. बिघाड मेंदूत असतो.

होतं काय, तर मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त मिळेनासं होतं. बहुतेक वेळा रक्तवाहिनीत गुठळी अडकते. काही वेळा वाहिनीच फुटते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के, आणि शिल्लक अशी काही नसते. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज आहे.

तोंड एका बाजूला वाकडं झालं, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली येऊ लागला, बोलणं जड झालं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन करा. बऱ्याचदा यात दुखत नाही. हीच खरी अडचण. दुखत नाही म्हणून माणूस म्हणतो, झोपतो जरा, सकाळी बघू.

आता सीटी स्कॅन. 'तोंड वाकडं झालेलं दिसतंय की, मग फोटो कशाला?' असं नातेवाईक विचारतात. कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि दोन्हींचे उपचार उलटे आहेत. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. म्हणून घरी ॲस्पिरिनसुद्धा देऊ नका. हार्ट अटॅकचा नियम इथे लावायचा नाही. पाणीही नको, गिळता येत नसेल तर ठसका लागून ते फुप्फुसात जातं.

स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं. गुठळीमुळे झालेलं नुकसान मात्र पहिल्या काही तासांत दिसेलच असं नाही. तेव्हा 'स्कॅन नॉर्मल आहे' याचा अर्थ 'रक्तस्राव नाही' एवढाच घ्या. स्ट्रोक नाही, असा नव्हे.

आणि ते साडेचार तास कधीपासून मोजायचे? माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रात्री दहाला नीट बोलून झोपला आणि पहाटे पाचला वाकडं तोंड दिसलं, तर घड्याळ रात्री दहाला सुरू झालं. ही वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगा. उशीर झालाय म्हणून घरी मात्र थांबू नका. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून काढतात, आणि निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंतही करता येतं.

इथे एक प्रश्न आलाय: दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तर? चांगला प्रश्न. याला टीआयए म्हणतात. गुठळी अडकली आणि सुटली. पुढचे दोन दिवस मोठ्या झटक्याचा धोका सर्वात जास्त असतो. त्यामुळे बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी, लगेच, मोठ्या दवाखान्यात जायचं.