मस्टनंतरची जागा

बारावीच्या वर्गात मोडल ऑक्झिलरी शिकवायला घेतल्या की मी फळा बाजूला ठेवते आणि मुलांना खाली गोल बसवते. मध्ये पुठ्ठ्याची कार्डं टाकते. एका कार्डावर एकच शब्द: शी, शुड, नेव्हर, हॅव, टोल्ड, हिम. यांचं वाक्य जुळवायचं. 'शी' पहिलं आणि 'हिम' शेवटी, यावर कुणाचं दुमत नसतं. 'शुड'ही दुसऱ्या जागी पटकन बसतं. घोडं अडतं ते 'नेव्हर'पाशी.

मुलं ते एकदा 'शुड'च्या आधी ठेवून बघतात, एकदा 'टोल्ड'च्या आधी, तर कुणी ते सरळ वाक्याच्या शेवटी नेऊन टाकतं. मी लगेच चूक-बरोबर सांगत नाही. प्रत्येक मांडणी मोठ्याने वाचायला लावते. शेवटी टाकलेलं 'नेव्हर' वाचतानाच मुलांना खटकतं. 'शी नेव्हर शुड हॅव टोल्ड हिम' हे वाक्य चालतं, पण त्यात ठासून बोलल्याचा सूर येतो. 'शी शुड नेव्हर हॅव टोल्ड हिम' म्हटलं की जीभ कुठेच अडखळत नाही. क्रियाविशेषणाची हक्काची जागा तीच: पहिल्या साहाय्यक क्रियापदाच्या लगेच पुढे. 'विल प्रॉबॅब्ली कम', 'कॅन ऑल्सो स्विम', 'मस्ट ऑल्वेज कॅरी' या सगळ्यांची बांधणी तशीच आहे.

मराठी घरातल्या मुलाला एकूणच मोडलची बांधणी अवघड जाते, त्याला सबळ कारण आहे. आपल्याकडे 'शकणे', 'हवं', 'लागणे' मुख्य क्रियापदाच्या मागून येतात आणि येताना त्याचं रूप बदलतात: जाऊ शकते, जायला हवं, जावं लागतं. शिवाय 'तो जाऊ शकतो' आणि 'ती जाऊ शकते' हा फरकही आपण सांभाळतो. म्हणून वहीत 'शी कॅन गोज' किंवा 'आय मस्ट टू गो' दिसलं, तर ते मूल निष्काळजी आहे असं मी मानत नाही. क्रियापदाला काहीतरी जोडलं पाहिजे, ही त्याच्या मातृभाषेची शिस्त ते इंग्रजीतही पाळत असतं.

मग हमखास प्रश्न येतो, "मॅडम, वाँट टू गो चालतं, तर मस्ट टू गो का नाही?" गाइडमध्ये उत्तर असतं: मोडलनंतर व्ही वन, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, येतं. हा झाला नियम. मुलाने कारण विचारलेलं असतं, आणि ते इंग्रजीच्या इतिहासात सापडतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाचं हे मूळ रूप 'टू'शिवाय, एकाच शब्दात असे. त्याच्या शेवटी 'अन' असा प्रत्यय यायचा. कॅन, मे, शॅल यांचे पूर्वज हे रूप थेट घेत. 'टू' तेव्हा शब्दयोगी होता. दिशा आणि हेतू दाखवायला तो क्रियापदाच्या वेगळ्या रूपाबरोबर येई. पुढे प्रत्यय झिजले आणि 'टू' हीच मूळ रूपाची खूण बनत गेली. मोडल मात्र जुन्याच रिवाजावर राहिले. म्हणून 'मस्ट गो'. त्यांच्यातला 'ऑट' तेवढा 'टू' घेऊन चालतो.

'शी कॅन्स' का नाही, याचं उत्तर आणखी मागे जातं. कॅन, मे, शॅल यांची वर्तमानकाळी रूपं मुळात भूतकाळाच्या घडणीची आहेत. अर्थ बदलला, घडण तशीच राहिली. भूतकाळाच्या रूपाला तृतीयपुरुषी 'एस' लागत नाही, म्हणून यांनाही लागत नाही. 'मस्ट' तर एका लोपलेल्या क्रियापदाचं भूतकाळी रूपच आहे. त्यामुळे आज त्याला स्वतःचा भूतकाळ नाही. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल अंदाज करायचा तर सगळा भार पुढच्या 'हॅव'वर पडतो: 'शी मस्ट हॅव गॉन', म्हणजे ती गेली असणार. आणि 'तिला जावं लागलं' म्हणायचं तर 'शी हॅड टू गो' हा दुसरा रस्ता धरावा लागतो. एवढं उलगडलं की 'मस्ट वेंट' लिहिणारं मूल आपणहून थांबतं.

मोडल आणि क्रियापद यांच्यामध्ये काही घालू नये, असा समज इंग्रजी जगातही पसरलेला आहे. 'टू' आणि क्रियापद यांच्यात शब्द घालण्याला विरोध वाढला तो एकोणिसाव्या शतकात; हेन्री आल्फर्ड यांनी 1864 मध्ये त्यावर टीका केली. पुढे काहींनी तीच मनाई मोडललाही लावली. फाउलर यांनी 1926 च्या आपल्या कोशात ही भीती निराधार ठरवली, तरी ती गेली नाही.

20 जानेवारी 2009 रोजी बराक ओबामा यांच्या शपथविधीत असंच मोडलनंतरचं एक क्रियाविशेषण जागेवरून हललं. अमेरिकेच्या राज्यघटनेत 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट' अशी शब्दयोजना आहे. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी शपथ सांगताना 'फेथफुली' वाक्याच्या शेवटी नेलं. 'एक्झिक्यूट'पर्यंत येऊन ओबामा थबकले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये, खबरदारी म्हणून, शपथ पुन्हा झाली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी लगोलग न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, की या गोंधळाच्या मुळाशी हाच जुना समज असावा. एका क्रियाविशेषणाच्या जागेवरून घटनात्मक शपथ दुसऱ्यांदा घेतली गेली, हे ऐकल्यावर वर्गात कुणी पेंगत नाही.

जागा बदलली की अर्थही बदलतो. 'आय रिअली कान्ट से' म्हणजे मला खरंच सांगता येणार नाही. 'आय कान्ट रिअली से' म्हणजे नक्की असं सांगता येत नाही. पहिल्या वाक्याने दार बंद होतं, दुसऱ्याने किलकिलं राहतं. 'प्रॉबॅब्ली'चंही तसंच बघण्यासारखं आहे: 'विल'च्या पुढे येणारं हे क्रियाविशेषण 'वोन्ट' आला की त्याच्या आधी सरकतं. 'ही विल प्रॉबॅब्ली कम', पण 'ही प्रॉबॅब्ली वोन्ट कम'. हे तक्ता पाठ करून अंगवळणी पडत नाही. कानावरून पुनःपुन्हा जावं लागतं. बोलताना 'शुड हॅव'मधला 'हॅव' इतका आखडतो, की ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही कधी कधी 'शुड ऑफ' लिहून बसतात.

आपल्याकडे मोडल शिकवणं म्हणजे ॲबिलिटी, परमिशन, ऑब्लिगेशन अशी नावं पाठ करून घेणं, असं होऊन बसलं आहे. परीक्षेत त्याचे गुण मिळतात, आणि ते मुलांना मिळायलाच हवेत. पण नाव ओळखता येणाऱ्या मुलाला मुलाखतीत 'आय कुड ईझिली हॅव डन इट' म्हणता येईलच असं नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणून सांगणं आहे: मोडल सुटा शिकवू नका. त्याच्यापुढचं क्रियाविशेषण, 'हॅव' आणि क्रियापद यांच्यासकट तो अख्खा मुलांच्या तोंडी येऊ द्या, आणि 'का' विचारणाऱ्या मुलाला नियम सांगून गप्प करू नका. कारण सांगायला दहा मिनिटं जास्त लागतात, पण तोच धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.