दहा दहा पेसोंचें वाद्य

आपल्या घरांतील पेटी मूळची परदेशची, ही गोष्ट आतां कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. युरोपांत जन्मलेलें हें वाद्य हिंदुस्थानी कारागिरांनीं पायांवरून हातांवर आणलें. मराठी रंगभूमीच्या काळांत गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं त्यास मान मिळवून दिला. आणि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें त्यास आपलीं दारें बंद केलीं, तरी आपल्या माजघरांतून तें हललें नाहीं. हवेच्या झोतानें धातूच्या पट्ट्या कंपित करून बोलणाऱ्या याच कुळांतील दुसरें एक वाद्य दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना देशांत गेलें व तेथील 'टँगो' संगीताचा प्राण होऊन बसलें. त्याचें नांव बांदोनिऑन. त्याच्या एका थोर वादकाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

क्रेफेल्ड या जर्मन गांवच्या हाइनरिख बांड याच्या नांवावरून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या वाद्याचें नामकरण झालें. दोन चौकोनी लाकडी पेट्या व त्यांच्यामध्यें घड्यांचा लांब भाता, असें त्याचें रूप. वादक तें मांडीवर घेऊन बसतो. अर्जेंटिनांत रूढ झालेल्या प्रकारांत उजव्या हाताला ३८ व डाव्या हाताला ३३ अशीं ७१ बटणें असतात. भाता उघडतांना एखादें बटण जो सूर देतें, तोच सूर तें मिटतांना बहुधा देत नाहीं. शिवाय पेटीप्रमाणें हे सूर ओळीनेंहि मांडलेले नसतात. म्हणजे वादकास एका वाद्याचे चार निरनिराळे नकाशे बोटांत मुरवावे लागतात.

आनिबाल त्रोइलो याचा जन्म ११ जुलै १९१४ रोजीं ब्वेनोस आयरेस शहरीं झाला. तो आठ वर्षांच्या सुमाराचा असतांना वडील वारले. बांदोनिऑनच्या सुरानें मुलास वेड लावलें, तेव्हां त्याच्या दहाव्या वर्षीं आईनें तें वाद्य घेऊन दिलें. किंमत १४० पेसो. दहा दहा पेसोंचे चौदा हप्ते. चार हप्ते फिटले आणि दुकानदार वारला. बाकीची रक्कम मागावयास कोणी आलेंच नाहीं, अशी हकीकत सांगतात. तेंच वाद्य त्रोइलोनें जवळजवळ आयुष्यभर वाजविलें.

एका विधवा मातेनें मुलाच्या हातीं असें वाद्य द्यावें, यांतील धाडस आपल्या वाचकांस सहज उमगेल. टँगो ही गरीब वस्त्यांत आणि बदनाम घरांत वाढलेली कला. पहिल्या महायुद्धाच्या थोडें आधीं पॅरिसच्या उच्च समाजानें ती डोक्यावर घेतली, तेव्हां कोठें ब्वेनोस आयरेसच्या प्रतिष्ठितांनीं तिला दिवाणखान्यांत घेतलें. तरीहि वादकाचें जिणें रात्रीचें व मद्यालयांतलें. मुलगा नाटकमंडळींत गेला म्हणजे आपल्याकडे घरांत जी चिंता पसरे, तीच ही चिंता. आणि ती अगदींच अनाठायीं नव्हती, हें पुढें दिसेल.

१ जुलै १९३७ रोजीं, वयाचीं तेवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, माराबू नांवाच्या नृत्यगृहांत त्रोइलो स्वतःचा वाद्यवृंद घेऊन उभा राहिला. त्याचें सामर्थ्य वेगांत नव्हतें. मोजके सूर, त्यांच्यामधील विराम, आणि मिटलेल्या डोळ्यांनीं ओढलेला भाता, एवढ्यावर तो श्रोत्यांस जिंकी. १९३९ सालीं आस्तोर पियात्सोला हा अठरा वर्षांचा बुद्धिमान वादक त्याच्या वृंदांत आला व पुढें वृंदासाठीं रचना लिहूं लागला. तरुण उत्साहानें लिहिलेले कित्येक सूर त्रोइलो रबरानें खोडून काढी. कारण समोरचीं जोडपीं नाचावयास आलीं आहेत, हें तो कधींच विसरला नाहीं. १९४४ सालीं पियात्सोला वेगळा झाला आणि कालांतरानें टँगोस नवें वळण लावून जगप्रसिद्ध झाला.

कवि ओमेरो मान्सी याच्या शब्दांस त्रोइलोनें लावलेली एक चाल १९४८ ची. तिचें नांव 'सूर'. मात्र स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थ दक्षिण दिशा असा होतो. १९५१ सालीं हा मित्र वारला, तेव्हां त्रोइलोनें 'रेस्पोन्सो' ही शब्दविरहित रचना केली. मृतासाठीं म्हणावयाची प्रार्थना, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

१८ मे १९७५ रोजीं, साठाव्या वर्षीं, त्रोइलो निवर्तला. त्याची पत्नी सीता हिनें त्याचें एक बांदोनिऑन पियात्सोलाच्या स्वाधीन केलें. (हें नांव ऐकून आपण चमकूं, पण तें तिचें तिकडचें लाडकें नांव.) ज्याचे सूर एके काळीं खोडले गेले, त्या शिष्यानें त्याच वर्षीं गुरूसाठीं चार भागांची रचना केली. भागांचीं नांवें अशीं: बांदोनिऑन, सीता, व्हिस्की आणि जुगार. मृत गुरूस त्यानें देव्हाऱ्यांत बसविलें नाहीं. त्याचे गुण व त्याचीं व्यसनें एकाच प्रेमानें सुरांत मांडलीं. आईच्या मनांतील भीति आणि आशा या दोन्ही अशा रीतीनें खऱ्या ठरल्या.

आज त्रोइलोचा जन्मदिवस अर्जेंटिनांत बांदोनिऑनचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. त्या उत्सवाच्या मुळाशीं एका आईनें काटकसरीनें भरलेले चार हप्ते आहेत. उरलेले दहा तिच्या मुलानें आयुष्यभर सुरांनीं फेडले, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होऊं नये.